मोटर सुरू झाली की रास्पबेरी पाय बसतो, कार्ड करप्ट होतं: कार्ड बदलण्याआधी काय तपासायचं

लक्षणं साधारण अशी असतात. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक-बोर्ड दोन-तीन आठवडे नीट चालतो, मग एके सकाळी मोटर सुरू होताच रीस्टार्ट होतो. पुढे हे वारंवार व्हायला लागतं. शेवटी एक दिवस बोर्ड उठतच नाही, हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा सात वेळा लुकलुकतो. याचा अर्थ मेमरी कार्डावरची कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, फाइल बोर्डाला सापडत नाही. मग इंदूरच्या जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवं कार्ड येतं, सिस्टिमची इमेज पुन्हा चढते, आणि महिन्याभरात सगळं परत पहिल्यापासून.

इंदूरमध्ये हा प्रकार पाण्याच्या टाकीच्या प्रकल्पात सर्वांत जास्त दिसतो. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांना एक दिवसाआड येतं, तेही ठरावीक वेळेला. हौद भरला की मोटर लावायची, गच्चीवरची टाकी भरली की बंद करायची, हे काम पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि रिले (कॉइलने ओढला जाणारा विजेचा स्विच) जोडून बोर्डावर सोपवणं अगदी योग्य आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं पाणी गच्चीच्या पन्हाळीतून वाहून जाणं कोणालाच परवडणारं नाही. पण या प्रकल्पात नाजूक पाच व्होल्टचा बोर्ड आणि एक हॉर्सपॉवरची मोटर शेजारी-शेजारी येतात, आणि दुखणं तिथेच सुरू होतं.

बहुतेक वेळा कार्ड हे दुखण्याचं कारण नसतं. कार्डावर लिहिणं चालू असताना बोर्डाचा व्होल्टेज घसरला, तर लिहिणं अर्धवट राहतं आणि फाइल सिस्टिम बिघडते. म्हणून शोध बोर्डाच्या पाच व्होल्टपासून सुरू करायचा आणि कार्डाकडे सगळ्यात शेवटी यायचं.

आधी बोर्डालाच विचारा

टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी’ ही कमांड ‘गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड’ या शब्दाबरोबर द्या. उत्तर ०एक्स० आलं, तर बोर्ड सुरू झाल्यापासून व्होल्टेज पडलेला नाही. ०एक्स५०००० म्हणजे मध्ये कधीतरी पडला होता, आता ठीक आहे. ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही कमी आहे. ०एक्स८०००८ किंवा ०एक्सई०००८ दिसलं तर तो उष्णतेचा प्रश्न आहे, त्याबद्दल खाली.

ही नोंद ४.६३ व्होल्टच्या आसपास होते, त्यात पाच टक्के इकडेतिकडे धरा. २०१४ च्या बी प्लसपासून पुढच्या मॉडेलांत हे सर्किट आहे, झिरो मालिकेत मात्र नाही. त्यामुळे झिरोवर ०एक्स० पाहून निर्धास्त होऊ नका, तिथे मीटरच लावावा लागतो. दुसरी मेख अशी की बोर्ड रीस्टार्ट झाला की ही नोंद पुसली जाते. मोटर सुरू होताच बोर्ड बसत असेल, तर नंतर पाहिलेल्या ०एक्स० ला काही किंमत नाही.

स्क्रीनवरचं पिवळ्या विजेचं चिन्ह लपवण्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये ‘अव्हॉइड वॉर्निंग्ज’ची ओळ टाका, असा सल्ला जागोजागी मिळतो. तो अजिबात मानू नका. चिन्ह जातं, व्होल्टेज तेवढाच कमी राहतो, आणि आता तो कमी आहे हे स्क्रीनवर सांगणारंही कोणी उरत नाही. आधीच ही ओळ टाकलेली असेल तर काढा.

मीटर कुठे लावायचा

अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला मोजून उपयोग नाही. बोर्डाच्या चाळीस पिनांपैकी चौथ्या आणि सहाव्या पिनेवर मोजा: चौथी पाच व्होल्ट, सहावी ग्राउंड. मीटरची टोकं थेट पिनांना टेकवू नका. दोन मादी जंपर वायरी पिनांवर बसवा आणि त्यांच्या दुसऱ्या टोकांना मीटर लावा. पाच व्होल्टची पिन ३.३ व्होल्टच्या पिनेला खेटून आहे. टोक घसरून दोन्ही जुळल्या तर बोर्ड गेला, दुरुस्ती नाही.

मोजायचं ते भार असताना. व्हिडिओ चालवा, पेन ड्राइव्ह लावा, रिले ओढून ठेवा. भाराखाली ४.९ च्या वर राहिलं तर उत्तम, ४.७५ पर्यंत चालतं, त्याखाली गेलं तर इथेच थांबून तेच आधी दुरुस्त करा. पाय ५ वर मीटरशिवायही काम होतं: ‘व्हीसीजेनसीएमडी’बरोबर ‘पीएमआयसी रीड एडीसी’ दिलं, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, की ‘ईएक्सटी ५ व्ही’ या ओळीत बाहेरून येणारा व्होल्टेज दिसतो. ‘मेझर व्होल्ट्स’ने मात्र फसू नका. तो प्रोसेसरच्या आतला, साधारण एक व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो.

केबल: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा गुन्हेगार

हिशोब करून पाहा. बाजारातल्या साध्या चार्जिंग केबलमध्ये पुष्कळदा २८ गेजची तार असते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे एक मीटर केबलमध्ये दोन मीटर तार, ०.४२ ओहम. दीड अँपिअर ओढला की केबलमध्येच ०.६३ व्होल्ट खर्च. अ‍ॅडॉप्टर चोख ५.१ देत असला तरी बोर्डाला ४.४७ पोचले, म्हणजे इशाऱ्याच्या रेषेखाली. तीच केबल २४ गेजची असेल तर रोध ०.१७ ओहम होतो आणि घट पाव व्होल्टवर येते. बोर्डाला ४.८५ मिळतात आणि प्रश्न संपतो.

बऱ्याच केबलींच्या अंगावर बारीक अक्षरांत गेज छापलेला असतो. ‘२८’बरोबर ‘२४’ किंवा त्याहून लहान आकडा असेल तर वीज वाहणारी तार जाड आहे. नुसतं २८ असेल किंवा काहीच नसेल, तर ती फोनसाठी ठेवा. फोनला कमी करंट मिळाला तर तो हळू चार्ज होतो इतकंच, बोर्ड मात्र बसतो. लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. मध्ये बटण असलेल्या केबली टाळा, त्या बटणाचे संपर्क स्वतःच व्होल्टेज खातात. बोर्डापर्यंतचं अंतर लांबच असेल, तर २३० व्होल्टची वायर लांबवा आणि पाच व्होल्टची आखूड ठेवा.

अ‍ॅडॉप्टरवरचे वॅट पाहून भुलू नका

पाय ३ बी प्लस आणि झिरो २ डब्ल्यूला २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर, पाय ५ ला पाच व्होल्टवर ५ अँपिअर अशी शिफारस आहे. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर आहे, मग २७ वॅटच्या बोर्डाला कमी कसा पडेल? पडतो. कारण ते ६५ वॅट २० व्होल्टवर मिळतात. पाच व्होल्टवर असा चार्जर बहुधा ३ अँपिअरच देतो. पाय ५ हे ओळखतो आणि सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच्या वर देत नाही. मग यूएसबी हार्ड डिस्क मध्येच गायब होते आणि दोष डिस्कला लागतो. फोनच्या फास्ट चार्जरचंही तेच. त्याचा जोर वरच्या व्होल्टेजवर असतो, आणि बोर्ड तो मागतच नाही.

पाय ४ च्या २०१९ मधल्या पहिल्या बोर्डांत टाइप-सी पोर्टच्या जोडणीत चूक होती. दोन वेगळे रोध हवेत तिथे एकच होता, त्यामुळे चिप असलेल्या महागड्या केबलीवर तो बोर्ड सुरूच होत नसे. जुना पाय ४ हाती आला आणि महाग केबलवर निपचित पडून राहिला, तर साधी जाड केबल लावून पाहा.

चोवीस तास चालणाऱ्या कामासाठी माझी पसंती जाळीच्या पत्र्याच्या एसएमपीएसला (२३० व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा वीजपुरवठा), पाच व्होल्ट दहा अँपिअरच्या. त्यावर ‘व्ही एडीजे’ लिहिलेला छोटा स्क्रू असतो. बोर्ड जोडण्याआधी मीटर लावून तो ५.१५ वर आणा. ५.२५ च्या वर कधीच नको. तिथून बोर्डाकडे जाणाऱ्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज घाला, विशेषतः वीज पिनांमधून देत असाल तर, कारण त्या वाटेवर बोर्डाची स्वतःची सुरक्षा मध्ये येत नाही. एसएमपीएसला अर्थिंग हवंच, आणि त्याचे उघडे टर्मिनल झाकलेल्या पेटीत.

रिले बोर्डाची भूक

निळ्या रंगाच्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर ओढते. आठ रिले एकदम ओढले तर साडेपाचशेच्या वर. सर्व्हो (ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) अडकला तर तो एकटाच सहा-सातशे मागतो. हे सगळं बोर्डाच्या पिनेतून घेतलं की केबलचा वरचा हिशोब आणखी बिघडतो. गणपतीच्या आराशीसाठी एलईडी पट्टी लावणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं: पाच व्होल्टच्या पट्टीतला एकेक दिवा पूर्ण पांढरा लागला की ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे शंभर दिव्यांना सहा अँपिअर. ते बोर्डातून जाऊच शकत नाहीत. पट्टीला वेगळा एसएमपीएस द्या, फक्त दोघांचं ग्राउंड जोडा.

रिले बोर्डावर ‘जेडी व्हीसीसी’ (कॉइलचा पुरवठा) आणि ‘व्हीसीसी’ (इनपुटचा पुरवठा) यांना जोडणारा जंपर असेल तर तो काढा. जेडी व्हीसीसी आणि ग्राउंडला वेगळे पाच व्होल्ट द्या, व्हीसीसीला बोर्डाचे ३.३, आणि बोर्डाचं ग्राउंड रिले बोर्डाला जोडू नका. आता कॉइल आणि बोर्ड यांच्यात फक्त प्रकाशाचा दुवा उरतो. यात एक अडचण येते. काही स्वस्त बोर्डांत इनपुटला १ किलोओहमचा रोध आणि दर्शक एलईडी एका मालिकेत असतात, आणि ३.३ व्होल्टवर करंट इतका कमी राहतो की रिले कधी ओढतो, कधी नाही. तसं झालं तर ३.३ व्होल्ट इनपुटसाठीच बनवलेला रिले बोर्ड घ्या. जंपर परत लावणं हा उपाय नव्हे.

मोटरच्या धक्क्याचा माग

वरचं सगळं ठीक असूनही मोटर सुरू होताच बोर्ड बसत असेल, तर कारण तीनपैकी कुठेतरी आहे: कॉइल, संपर्कांची ठिणगी, किंवा घरच्या लाइनचा झोका. ते वेगळे करता येतात. २३० व्होल्टच्या प्रत्येक जोडणीआधी एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा. हे काम सवयीचं नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात काही कमीपणा नाही.

पहिल्यांदा मोटरच्या वायरी रिलेतून काढून टाका आणि नुसता रिले पंचवीस-तीस वेळा चालू-बंद करा. एवढ्यावरच बोर्ड बसला तर दोष पाच व्होल्टच्या बाजूला आहे, वरचे परिच्छेद परत वाचा. नाही बसला, तर मोटर जोडा आणि बोर्ड पॉवर बँकेवर चालवा. पॉवर बँकेवर टिकला आणि अ‍ॅडॉप्टरवर बसला, तर त्रास लाइनमधून येतोय. पॉवर बँकेवरही बसला, तर ठिणगीचा विद्युत गोंगाट हवेतून किंवा सेन्सरच्या लांब वायरींमधून शिरतोय.

मोटर सुरू होताना दिवे मंदावतात म्हणून व्होल्टेजला दोष देणं सोपं आहे. पण ज्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय आणि जो खरोखर तसा बनलाय, त्याला २३० चे क्षणभर १८० झाल्याने काही होत नाही. बहुतांश घरांत खरा त्रास ठिणगीचा निघतो. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना पाच-सात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. निळ्या रिलेवर दहा अँपिअर छापलेले असतात ते हीटर किंवा बल्बसारख्या भारासाठी, मोटरसाठी नव्हे. त्याचे संपर्क जळत जातात, ठिणगी वाढते, आणि एक दिवस ते चिकटतात. मग प्रोग्राम मोटर बंद करतो आणि मोटर चालूच राहते.

म्हणून मोटर थेट रिलेवर कधीच नको. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट रिले, घाला: दोन पोलचा, २३० व्होल्ट कॉइलचा, एसी-३ वर्गात १२ अँपिअर किंवा जास्त. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची. सियागंजकडच्या इलेक्ट्रिकल दुकानांत मागताना ‘एसी-३’ नक्की म्हणा, कारण एसी-१ चा आकडा मोठा दिसतो आणि तो मोटरसाठी नसतो. कॉन्टॅक्टरची कॉइलही बंद होताना झटका देते. तिच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर मालिकेत लावा. कपॅसिटरवर २७५ व्होल्ट एसी आणि ‘एक्स-२’ छापलेलं हवंच, साधा कपॅसिटर तिथे फुटतो. अशी तयार मिळणारी जोडी, म्हणजे स्नबर, लावली तरी चालेल.

वायरींची जागाही बदला. सेन्सरची वायर आणि मोटरची वायर एकाच पाइपातून नेऊ नका. निदान वीतभर अंतर ठेवा आणि एकमेकींना ओलांडावं लागलं तर काटकोनात ओलांडा. वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सरचा प्रतिध्वनीचा सिग्नल पाच व्होल्टचा येत असेल, तर तो १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या जोडीतून ३.३ वर आणूनच पिनेला द्या.

लाईट गेली की बसतो, ते वेगळं

इन्व्हर्टर असूनही लाईट जाताना बोर्ड रीस्टार्ट होतो, ही तक्रार पावसाळ्यात वाढते. इन्व्हर्टरला लाइनवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि हलक्या अ‍ॅडॉप्टरच्या आतला साठा तेवढा वेळ पुरत नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबा, पुष्कळदा तेवढं पुरतं. मोठा कपॅसिटर लावून हा खड्डा भरता येईल असं वाटतं, पण गणित पाहा: १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एक अँपिअरवर ०.४ व्होल्ट पडायला ०.४ मिलिसेकंद घेतो. २० मिलिसेकंद हवे असतील तर पन्नास हजार मायक्रोफॅरड लागतील, आणि तेवढा भरताना अ‍ॅडॉप्टरच बसेल. १८६५० या लिथियम सेलवर चालणारा यूपीएस बोर्ड हा इथे सरळ उपाय, फक्त तो सलग पाच व्होल्टवर किती अँपिअर देतो ते बघून घ्या.

उष्णतेचं थोडक्यात: मेमध्ये गच्चीवरच्या बंद पेटीत बोर्ड ठेवू नका. बाहेरच बेचाळीस अंश असतात, आणि ८० च्या पुढे बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. बोर्ड खाली घरात ठेवा, गच्चीवर फक्त सेन्सर आणि ईएसपी ३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड, मधला निरोप वायफायवरून.

आता कार्ड

व्होल्टेज सुधारल्यावरच नवं कार्ड घाला, नाहीतर तेही जाईल. लिनक्सवर ‘एफ ३’ नावाच्या साधनाने आधी पूर्ण कार्ड लिहून आणि वाचून पाहा. नकली कार्ड ६४ जीबी सांगतं आणि आठनंतर जुन्यावरच लिहायला लागतं. यात कार्डावरचा मजकूर जाऊ शकतो, म्हणून हे इमेज चढवण्याआधी करायचं.

मग लिहिणं कमी करा. दर सेकंदाला पाण्याची पातळी डेटाबेसमध्ये नोंदवली तर दिवसाला ८६,४०० वेळा लिहिलं जातं, आणि टाकीची पातळी काही सेकंदाला बदलत नाही. पाच सेंटिमीटर फरक पडला तरच नोंदवा. लॉग मेमरीत ठेवण्यासाठी जर्नलडी या लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टोरेज’ची किंमत ‘व्होलटाइल’ करा. मात्र हे शोधकाम संपल्यावर, कारण त्याने आधीच्या बूटचा लॉग राहत नाही. सगळं नीट चाललं की ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. त्यानंतर कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, बोर्डाची वीज कधीही गेली तरी फाइल सिस्टिम शाबूत. प्रोग्राम बदलायचा असेल तेव्हा ओव्हरले बंद, रीस्टार्ट, बदल, पुन्हा चालू. नोंदी जपायच्या असतील तर वेगळ्या पेन ड्राइव्हवर.

शेवटी बोर्ड बसलाच तर मोटरचं काय होतं ते पाहा. बूट होताना जीपीआयओ ० ते ८ या इनपुट-आउटपुट पिना वर, म्हणजे ३.३ व्होल्टकडे, ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली, शून्याकडे. खालच्या पातळीवर चालू होणारा रिले बोर्ड असेल, तर त्यासाठी जीपीआयओ ५ किंवा ६ घ्या आणि कॉन्फिग फाइलमध्ये ती पिन सुरुवातीपासून आउटपुट आणि वर राहील अशी ओळ लिहा. टाकीत एक साधा फ्लोट स्विच टाका, जो टाकी भरली की उघडतो, आणि तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या फेज वायरीत मालिकेत जोडा. हौदात दुसरा, जो पाणी तळाला गेलं की उघडतो, तोही त्याच वायरीत. हे दोन्ही २३० व्होल्टला चालणारे, आणि प्रोग्रामपासून पूर्ण स्वतंत्र. मग पाणी येणार नाही अशा दिवशी बोर्डाची वायर मोटर चालू असताना मुद्दाम उपटा आणि मोटर थांबते का ते उभं राहून पाहा. परत जोडा, आणि बोर्ड पूर्ण उठेपर्यंत कॉन्टॅक्टर एकदाही खटकत नाही ना, याकडे कान ठेवा.